कडबा कुणी जाळत नाही

फेब्रुवारीत बार्शीच्या बाजार समितीच्या आवारात तुरीची आवक चढलेली असते. आडतीपुढे ट्रॉल्यांची रांग लागते, पोती उसवली जातात, माल चाळणीवर जातो आणि उन्हाच्या तिरिपेत पिवळट धुरळा तरंगू लागतो. हमालांनी उपरण्याचं टोक नाकावर ओढून बांधलेलं असतं. मापाडी मध्येच खाकरतो आणि पुन्हा काट्याकडे वळतो. या धुरळ्याची तक्रार इथं कुणी करत नाही. धुरळा उडतोय म्हणजे माल आलाय, हाताला काम आहे, शेतकऱ्याला संध्याकाळी पट्टी मिळणार आहे. दुष्काळी सालात आवार स्वच्छ असतं, आणि ती स्वच्छता कुणालाच नको असते.

शेतीच्या गावातल्या हवेबद्दल बोलणं अवघड जातं ते यामुळेच. इथली धूळ आणि इथला धूर पोटापाण्याच्या कामातूनच उठतात. हवेचं प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नोव्हेंबरातली दिल्ली येते, फार तर मुंबईची बांधकामं येतात. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं, चार बाजूंनी ज्वारी-तुरीच्या रानांनी वेढलेलं गाव येत नाही. पण अशा गावातल्या हवेलाही पिकांसारखे हंगाम असतात. त्यातले काही हंगाम छातीला फार महाग पडतात, आणि तो भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. माझ्या मते हा विषय आरोग्याचा जितका आहे, तितकाच शेतीच्या हिशेबाचा आहे.

बार्शी सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, बालाघाटच्या कुशीत वसलेली. वेशीबाहेर थोडं गेलं की धाराशिव जिल्हा लागतो. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचं जे उरतं ते या पट्ट्याच्या वाट्याला येतं, सरासरीने वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तेही कधी महिनाभर ओढ देऊन, कधी दोन दिवसांत कोसळून. जिल्हा रब्बी ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो. मालदांडी ३५-१ हे वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं. बार्शीची बाजारपेठ मात्र त्याहून जुनी. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीच्या बाजूने इथं आणली, पुढे ती लातूरला आणि पंढरपूरला पोहोचली. धान्य, कापूस आणि वारकरी तिच्यातून वाहत राहिले.

या गावाच्या हवेचं वर्ष मृगापासून मोजावं. पहिले चांगले दोन पाऊस झाले की हवा धुऊन निघते. पावसाचे थेंब खाली येताना जाडसर कण सोबत घेऊन येतात, भिजलेली माती उडत नाही आणि जुलै-ऑगस्टात संध्याकाळी बालाघाटची रांग कापून काढल्यासारखी स्पष्ट दिसते. वर्षातली सगळ्यांत चांगली हवा ती हीच. पण पावसाने ओढ दिली की याच महिन्यांत चित्र पालटतं. जून-जुलैत पश्चिमेचा वारा जोराचा असतो आणि पेरणीसाठी मोकळी केलेली काळी माती त्याला आयती सापडते. कोरड्या आषाढात इथं दुपारच्या वेळी रस्त्यावर डोळे उघडे ठेवणं मुश्कील होतं.

मग दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला येतं. गेल्या काही दशकांत खरिपाची रानंच्या रानं सोयाबीनने व्यापली, आणि त्यासोबत मळणीयंत्र गावोगाव पोहोचलं. पूर्वी खळ्यावर बैलांची पात फिरायची, मग वावडीवर उभं राहून वाऱ्याची वाट बघत उफणणी चालायची. वारा पडला तर काम थांबायचं. आता यंत्राला वाऱ्याची गरज उरलेली नाही. ते स्वतःच वारा तयार करतं आणि भुसकटाचा लोट वीस-पंचवीस फूट लांब फेकतं. त्या लोटाच्या तोंडाशी पेंढ्या सारणारी माणसं दिवसभर उभी असतात, आणि त्यांच्या अंगावर बसतं ते साधं मातीचं धुळकट नव्हे. त्यात शेंगांची लव असते, बुरशीचे बीजाणू असतात, ओलसर माल असेल तर ते जास्तच. मळणीनंतर चार दिवस चालणारा खोकला घरोघर ठाऊक आहे. ‘भुसा लागला’ एवढं म्हणून तो सोडून दिला जातो.

दिवाळीच्या फटाक्यांचा धूर त्यावर दोन-तीन रात्री चढतो. तो वाईटच आहे, आणि दमेकऱ्यांसाठी त्या रात्री खरोखरच कठीण असतात. पण दिवाळी सरली की चर्चा संपते, आणि नेमका तेव्हाच खरा धुराचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत विझत नाहीत. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणजे सोलापूर. उजनीचं पाणी आलं तिथं ऊस पसरला, आणि पाणी नसलेल्या तालुक्यांतही विहिरी-बोअरच्या जोरावर तो टिकून राहिला.

याच महिन्यांत हवा स्वतःही बदलते. मे महिन्याच्या दुपारी जमीन इतकी तापते, की जमिनीलगतची हवा दोन-तीन किलोमीटर उंच उसळते आणि धूर-धूळ त्या मोठ्या अवकाशात विरून जाते. डिसेंबरच्या रात्री उलटं होतं. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे सूर्य मावळल्याबरोबर जमीन झपाट्याने गार होते. खाली थंड आणि जड हवा, वर तुलनेने ऊबदार हवा, अशी थरांची मांडणी झाली की खालची हवा वर जाऊच शकत नाही. धुराला पसरायला जागा उरते ती जेमतेम शे-दोनशे मीटरची. मे महिन्यात जो धूर कुणाच्या लक्षातही आला नसता, तोच जानेवारीत गावावर झाकणासारखा बसतो. सकाळी आठच्या सुमाराला कुर्डुवाडी रस्त्याने निघालं की रानावर एक निळसर पट्टा आडवा दिसतो. त्यात धुकं थोडं असतं, बाकी धूर असतो.

आता त्या धुरात काय जळतं, ते नीट बघितलं पाहिजे.

ज्वारी काढली की ताटं पेंढ्यांत बांधली जातात, त्यांच्या गंजी लागतात. हा कडबा. शेकड्याने विकला जातो, आणि दुष्काळी सालात त्याचा भाव ज्वारीच्या दाण्याशी स्पर्धा करतो. या भागातला शेतकरी मालदांडीला धरून राहिला त्यात भाकरीच्या चवीइतकाच तिच्या कडब्याचाही वाटा आहे. कितीतरी घरांत ज्वारी पेरली जाते ती जनावरांसाठी, दाणा वरकड. चुकून गंजीला आग लागली तर गाव धावतं. मुद्दाम कडबा कुणी जाळत नाही.

तुरीच्या वाळलेल्या काटक्या, म्हणजे तुराट्या, शेतातून थेट घराच्या मागच्या बाजूला येतात. त्या जळतात, पण चुलीत, थोड्या थोड्या, वर्षभर. गव्हाचा भुसा काही जनावरांकडे जातो, काही वाऱ्यावर. सोयाबीनचं भुसकट थोडं खपतं, बरंचसं ढिगाने पडून राहतं आणि बरेचदा पेटवलं जातं. आणि उसाचं पाचट बहुतेक ठिकाणी रानातच पेटतं. हिरवं वाढं जनावरं खातात, तोडणीवाले त्याच्या मोळ्या विकून दोन पैसे मिळवतात. वाळलेल्या पाचटाला मात्र कुणी तोंड लावत नाही.

म्हणजे ज्याला खाणारं किंवा विकत घेणारं आहे ते जळत नाही. ज्याला कुणी विचारत नाही त्याला काडी लागते. शेतकऱ्याला धुराची पर्वा नाही, त्याला समज नाही, असं शहरात सहज बोललं जातं. तोच शेतकरी कडब्याची पेंढी न् पेंढी मोजून ठेवतो. फरक त्याच्या समजुतीत नाही, त्या काडाला मिळणाऱ्या किमतीत आहे.

पाचटाचा हिशेब करून बघू. एक हेक्टर उसातून साधारण आठ ते दहा टन वाळलेलं पाचट निघतं. कृषी विद्यापीठ आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कितीतरी वर्षं सांगत आली आहेत की ते जाळू नका. ऊस तुटल्यावर बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. खोडव्याच्या एका हंगामात त्याचं खत होतं, तण कमी येतं, ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्या वाचतात. हे खरं आहे, आणि ज्यांनी केलं त्यांची जमीन ते दाखवते. पाचटात नत्राचं प्रमाण साधारण अर्धा टक्का धरलं तर आठ टनांत ४० किलो नत्र होतं. पेटवलं की त्यातलं जवळपास सगळं हवेत जातं.

पण ४० किलो नत्र म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जेमतेम दोन गोण्या. अनुदानित भावाने एक गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे एक हेक्टरचं पाचट जाळताना शेतकऱ्याच्या खिशातून नत्रापोटी जातात ते पाचशे-साडेपाचशे रुपये. याउलट बुडखे छाटायला, पाचट सारायला मजूर लावायचे तर खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि ऐन हंगामात माणूस मिळत नाही तो नाहीच. पाचटाखाली उंदीर होतात, पाणी देताना सरी तुंबते, अंधारात पाय टाकायची भीती वाटते. काडी एक रुपयाची आणि काम अर्ध्या तासाचं. स्वस्त युरिया आणि महाग मजुरी यांच्या कात्रीत पाचट सापडलं आहे. ही कात्री सोडवल्याशिवाय ‘पाचट जाळू नका’ असे फलक लावून फार काही होणार नाही. नत्राच्या हिशेबात न बसणारं नुकसान याहून मोठं आहे. या पट्ट्यातल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच तुटपुंजा, आणि वर्षामागून वर्ष तोच पेटवला जातो. पण कर्बाची गोणी दुकानात मिळत नाही, म्हणून त्याचा भाव कुणाला सांगता येत नाही.

हंगामाच्या शेवटी आणखी एक प्रकार घडतो. तोडणीच्या टोळ्या कमी पडतात, उसाला तुरे येतात, वजन घटत जातं, आणि शेतकरी उभा फडच पेटवून देतो. पात जळून गेली की तोडणी पटकन होते आणि कारखान्याला तो ऊस लवकर न्यावा लागतो. जळीत उसाच्या पैशांत कपात होते, तरी रानात उभा वाळण्यापेक्षा ती परवडते. अशा फडाची आग पाच-दहा मिनिटांत सरसरत निघून जाते, आणि मग काळी पात वाऱ्यावर तरंगत गावात येते. वाळत घातलेल्या धुण्यावर, पापडांवर, अंगणात निजलेल्या म्हाताऱ्याच्या पांघरुणावर ती पडते. ती दिसते म्हणून लोक तिच्याबद्दल बोलतात. खरा धोका तिच्यासोबत आलेल्या न दिसणाऱ्या कणांचा असतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याचे. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत आणि तिथून रक्तापर्यंत पोहोचतात. नांगरटीची धूळ बहुतांशी जाड असते, धूर बहुतांशी बारीक. डोळ्यांना धूळ मोठी दिसते. छातीला धूर मोठा असतो.

शेतकरी पाचट पेटवतो ते बहुधा तिन्हीसांजेला. कारण साधं आहे. दिवसाचा वारा पडलेला असतो, आग शेजारच्या फडात जाण्याची भीती कमी. त्याच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. पण वारा पडलेला असतो म्हणूनच धूरही जागचा हलत नाही, आणि तासाभरात वरचं झाकण बसतं. शिवाय आगी मोजणाऱ्या उपग्रहांनाही ती वेळ चुकते. ज्यांच्या नोंदींवरून पंजाब-हरियाणातल्या आगींचे नकाशे छापून येतात, त्यातले मुख्य उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमाराला जातात. संध्याकाळी सातला पेटून आठला विझलेला एकराचा तुकडा त्यांच्या हिशेबी घडलेलाच नसतो. काड जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये जी बंदी आणि जो दंड घातला, तोही दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राज्यांपुरता. भीमा-सीनेच्या खोऱ्यातल्या पाचटाकडे त्या चर्चेत कुणी वळून पाहिलं नाही.

मार्चपासून धूर ओसरतो. बांध पेटवणं, धसकटं गोळा करून जाळणं, डोंगराला वणवे लागणं चालूच राहतं, पण हवा आता मोकळी असते. एप्रिल-मेमध्ये वावटळी उठतात, उन्हाळी नांगरटीची माती रस्त्यापर्यंत येते. याच रखरखीत उन्हात वाहनांच्या आणि इतर धुरातल्या वायूंपासून ओझोन तयार होतो. तो रंगाने दिसत नाही, पण घसा आणि फुप्फुस सोलून काढतो, पिकांची पानंही भाजतो. मग वळवाचा पाऊस येतो.

या वर्षभरात सगळ्यांत जास्त धूर कोण घेतं? मला वाटतं याचं उत्तर कारखान्याच्या बाहेर, उघड्या माळावर मांडलेल्या खोप्यांत आहे. बीड, धाराशिव आणि आजूबाजूच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत चार-पाच महिने परत फिरता येत नाही. बाई पहाटे तीन-चारला उठते आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापते. ती वेळ म्हणजे रात्रीच्या हवेचा सर्वांत कोंडलेला प्रहर. खोपीत लेकरू झोपलेलं असतं. मग दिवसभर फडात, कधी जळीत उसात, जिथं संध्याकाळी तोंड धुतलं की पाणी काळं होतं. रात्री पुन्हा चूल, आणि वरून कारखान्यात जळणाऱ्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची, राख. घरातला धूर, कामावरचा धूर आणि गावावरचा धूर हे तिन्ही एकाच बाईच्या वाट्याला येतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत बायकांच्या अंगावर कण मोजणारी उपकरणं लावून चुलीपाशी त्या काय ओढून घेतात ते मोजलं. प्रदूषण चिमणीच्या तोंडाशी किती आहे यापेक्षा माणसाच्या श्वासात किती जातं ते पाहा, हा आग्रह त्यांनी २०२० मध्ये निधन होईपर्यंत धरला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून दाखवलं, की कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही सीओपीडी हा दम लागण्याचा कायमचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि जळणाचा धूर हे त्याचं एक प्रमुख कारण आहे. आपल्या गावात ‘म्हातारीला दम आहे’ असं म्हटलं जातं तेव्हा त्यामागे बहुतेकदा चाळीस-पन्नास वर्षांची चूल असते.

आता मोजणीकडे येऊ. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातली १३१ शहरं आहेत. महाराष्ट्रातून मुंबई-पुण्यासोबत सोलापूर, लातूर, जालना, सांगली ही नावंही आहेत, हे चांगलंच झालं. बार्शी त्यात नाही. पंढरपूर नाही, अकलूज नाही, करमाळा नाही. ज्या रानांतून धूर निघतो त्यांच्या मधोमध वसलेली गावं यादीबाहेर आहेत. यादीतल्या शहरांची पाहणीही बहुतांशी दहा मायक्रॉनपर्यंतच्या जाड कणांवर होते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये केलेल्या आढाव्यात या कार्यक्रमातला ६४ टक्के निधी रस्त्यांची धूळ कमी करण्यावर गेल्याचं दिसलं. काडीकचरा आणि जळण जाळणं रोखण्यावर साडेचौदा टक्के. रस्ते झाडणारी यंत्रं दिसतात, त्यांचं उद्घाटन करता येतं. पाचटाच्या शेतात उद्घाटन कशाचं करणार?

हाताने चालवल्या जाणाऱ्या सरकारी केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षातून १०४ दिवस मोजणी व्हावी असा नियम आहे. त्याची वार्षिक सरासरी काढली जाते. बारीक कणांसाठी आपली २००९ ची राष्ट्रीय मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, एका दिवसासाठी ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे ५ आणि १५ वर आणले. आता कल्पना करा, एखाद्या गावात पावसाळा धरून आठ महिने हवा १५ वर राहिली आणि धुराचे चार महिने ९० वर. चार महिने रोजची मर्यादा दीडपटीने ओलांडली जाते. वर्षाची सरासरी मात्र बरोबर ४० येते, आणि कागदावर ते गाव उत्तीर्ण होतं. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण गणित कोणत्याही शेतीच्या गावाला लागू पडतं. जिथं पाऊस चार महिने हवा धुतो, तिथं वार्षिक सरासरी हिवाळ्याची बाजू झाकून टाकते.

आणि बार्शी या मोजणीबाहेर राहावी याची मला विशेष खंत वाटते, कारण मोजणी म्हणजे काय ते या गावाने देशाला दाखवलं आहे. १९८७ मध्ये इथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिने व्यापली. तोपर्यंत नोंदणी म्हणजे मुंबई-बंगळूरची मोठी रुग्णालयं. खेड्यातला माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, मग त्याची नोंद होणार कुठून, हा प्रश्न इथल्या मंडळींनी उलटा सोडवला. नोंदणी करणारे कार्यकर्तेच गावोगाव गेले. पारावर बसले, लक्षणं समजावून सांगितली, कुणाला काय त्रास आहे ते विचारलं आणि माणसांना तपासणीला आणलं. त्यातून बायकांमधला गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे ते पुढे आलं, आणि लोकांना माहिती मिळाल्यावर तो लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पुढे याच रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर तपासणीच्या पद्धतींचा अभ्यास झाला. २००९ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि या कर्करोगामागच्या विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, चाचणीबाबतच्या जागतिक धोरणांत त्याचा आधार घेतला गेला. एसटी आणि पायपीट यांच्या बळावर हे झालं. मग त्याच गावांमध्ये श्वासाची नोंद होऊ शकत नाही, असं म्हणायला जागा उरत नाही.

नोंद ठेवल्याने काय दिसतं ते ब्राझीलने दाखवलं. साओ पाउलो राज्यातल्या अराराक्वारा या ऊसपट्ट्यातल्या शहरात संशोधकांनी रुग्णालयातल्या दम्याच्या भरत्या दिवसागणिक मांडल्या. फड जाळण्याच्या हंगामात त्या इतर काळापेक्षा ५० टक्के जास्त निघाल्या. फड जाळणं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा तिथं त्याआधीच, २००२ मध्ये आला होता, २००७ मध्ये कारखान्यांनी ती मुदत अलीकडे ओढली. पण धूर थांबला तो यंत्राने तोडणी करून, आणि हाताने तोडणाऱ्यांची कामं गेली. आपल्याकडेही तोडणी यंत्रांना सरकारी अनुदान मिळतं. यंत्र पाचटाची कुट्टी करून रानातच पसरतं, म्हणून हवेसाठी ते बरं आहे. मात्र कोयत्यावर जगणाऱ्या माणसाला दुसरं काय काम मिळणार, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याचं स्वागत करणं मला जमत नाही.

या पट्ट्याला धुराचा विचार करायला आणखी एक कारण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाच्या आपल्या ‘कायपीक्स’ प्रयोगाचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुरात राबवला, तो इथलं पर्जन्यछायेचं आभाळ अभ्यासण्यासाठीच. ढगाचा थेंब कणाभोवती धरतो. बारीक कण फार झाले तर तेवढंच बाष्प असंख्य चिमुकल्या थेंबांत वाटलं जातं आणि एकही थेंब खाली पडण्याइतका मोठा होत नाही. आगींच्या धुराने उष्ण ढगांतला पाऊस अडतो हे डॅनियल रोझेनफेल्ड यांनी १९९९ मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं होतं. हिवाळ्यातलं पाचट जून-जुलैचा पाऊस पळवतं, असं यावरून म्हणता येणार नाही. पण जिथं एकेका सरीसाठी डोळे लागलेले असतात, तिथं हवेत काय तरंगतं याची नोंद ठेवणं ही चैन नव्हे.

काय करता येईल ते इथंच, हाताशी आहे. प्रत्येक कारखान्याच्या शेतकी खात्याकडे उसाच्या प्लॉटन् प्लॉटची नोंद असते. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, तोडणीचा दिवस, हे सगळं चिटबॉय बांधावर जाऊन लिहून आणतो. जळीत उसाची कपात लावायची म्हणून जळालेल्या फडाची माहितीही असते. त्याच वहीत आणखी एक रकाना हवा, पाचट ठेवलं की पेटवलं. ज्याने ठेवलं त्याला कारखान्याने बुडखे छाटायचं यंत्र भाड्याविना द्यावं, जिवाणू संवर्धन द्यावं आणि पुढच्या हंगामात त्याच्या खोडव्याला तोडणीची तारीख आधी द्यावी. लवकर तोडणी ही शेतकऱ्याला रोख पैशाहून मोलाची वाटते, हे कारखान्याच्या संचालकांपेक्षा जास्त कुणाला कळणार? पाचटाला गिऱ्हाईक मिळेल तेव्हा मिळेल, तोवर त्याला तारखेचा भाव तरी मिळू शकतो.

दुसरी वही दवाखान्यांची. बार्शीतल्या आणि वैरागच्या सरकारी दवाखान्यांत बाह्यरुग्णांचा केसपेपर निघतोच. दम, खोकला, धाप अशी तक्रार असलेल्यांची गावनिहाय, आठवडानिहाय बेरीज ठेवली, आणि गावात नोव्हेंबर ते मार्च बारीक कण मोजणारं एक उपकरण रोज चालू ठेवलं, तर दोन-तीन हंगामांत या भागाचं स्वतःचं उत्तर हाती येईल. सरासरी बारा महिन्यांची काढू नये. हंगामाची वेगळी काढावी.

आणि खोप्यांसाठी वाट बघण्याची गरजच नाही. उज्ज्वला योजनेच्या ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या कागदाऐवजी स्वतःचं निवेदन चालतं. पाच किलोचा लहान सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो आणि बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर सोबत नेता येतो. कारखाना गाळपाच्या आधी टोळीला खोपीसाठी बांबू, ताडपत्री देतो, पाण्याचा टँकर लावतो. त्या यादीत प्रत्येक कोयत्यामागे एक शेगडी आणि हंगामभराचे भरलेले सिलिंडर घालायचे, आणि ते उचलीत न धरता कारखान्याच्या खर्चात धरायचे. यंदाच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडतील. ही यादी त्याआधी करावी लागेल.